तरंगमबाडीला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाबलीपुरम आणि पुदुच्चेरी करून आलेले लोक पुढचा प्रश्न हमखास विचारतात: त्याच्या खाली काय आहे? खाली बरंच काही आहे. त्यातलंच एक तरंगमबाडी, कोळ्यांचं लहानसं, शांत गाव. तिथे जाऊ पाहणारी मराठी मंडळी जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे नेमकं कुठे आहे?

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात. चेन्नईहून रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला. जिल्हा मयिलाडुतुरै. हा जिल्हा २०२० च्या डिसेंबरात नागपट्टिणमपासून वेगळा झाला, म्हणून जुन्या माहितीपुस्तिकांत नागपट्टिणम जिल्हा लिहिलेलं दिसेल. युरोपीय नकाशांवर याच गावाचं नाव ट्रँकेबार. शोधताना दोन्ही नावं वापरा.

कधी जावं?

जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. बाकीचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं, कारण इथेच आपल्याकडचे लोक फसतात.

आपला पाऊस जून ते सप्टेंबर. इथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं म्हणून लोक तिकिटं काढतात आणि इथे धो-धो पावसात लॉजच्या खिडकीत बसून राहतात. बंगालच्या उपसागरातली वादळंही बहुतेक याच दिवसांत येतात. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा चक्रीवादळाने इथून दक्षिणेला, वेदारण्यमच्या बाजूला, जमीन गाठली होती.

मग मे महिना? मे महिन्यात ऊन भाजून काढतं, आणि १५ एप्रिल ते १४ जून या काळात पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. आपल्याकडे ती १ जून ते ३१ जुलै असते, दिवस तेवढेच, ६१. लहान होड्या बंदीतही बाहेर पडतात, पण किनाऱ्याची एरवीची वर्दळ नसते. थोडक्यात, शाळेच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या या गावाला जायला वाईट. मुलं बरोबर असतील तर जानेवारीअखेरचा एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार धरा आणि शाळेला एक-दोन दिवस बुट्टी मारा.

पोंगल जानेवारीच्या मध्यात येतो. भाताची कापणी, दारातल्या रांगोळ्या, उसाच्या मोळ्या, सगळं बघण्यासारखं असतं. फक्त काणुम पोंगलच्या, म्हणजे सणाच्या शेवटच्या दिवशी अख्खा तालुका सहकुटुंब समुद्रावर उतरतो. शांततेसाठी येत असाल तर तो एक दिवस सोडा.

कोकणासारखंच असेल ना?

नाही. तीच अपेक्षा ठेवून गेलात तर पहिला दिवस कुरकुरण्यात जाईल. इथे डोंगर नाहीत, घाट नाहीत, जांभा दगड नाही. भाताची सपाट शेतं थेट समुद्रापर्यंत येतात आणि वाळूपाशी संपतात. सूर्य समुद्रात मावळत नाही, समुद्रातून उगवतो. संध्याकाळी सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसलेली मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. सूर्य त्यांच्या पाठीमागे, गावातल्या घरांवरून मावळत होता.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबई-अलिबागकडे ओहोटीला समुद्र दूरवर मागे जातो. इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत एक मीटरचाही फरक नसतो. पाणी दिवसभर जवळजवळ एकाच रेषेवर, आणि लाटा थेट काठावर येऊन फुटतात.

पोहता येईल का?

नको. किनारा लवकर खोल होतो, पाण्याला ओढ असते आणि लक्ष ठेवायला जीवरक्षक नसतात. घोटाभर पाण्यात उभं राहायला हरकत नाही. काही ठिकाणी धूप थांबवायला मोठमोठे दगड टाकलेत, त्यांवर शेवाळ असतं. पोरांना त्यांवर चढू देऊ नका.

बघण्यासारखं काय आहे?

यादी केली तर अर्ध्या दिवसात संपेल, हे आधीच सांगतो. पण जे आहे त्याची गोष्ट मोठी आहे.

१६२० मध्ये तंजावरचा राजा रघुनाथ नायक याने डेन्मार्कच्या लोकांना इथे जागा दिली. त्यांचा दर्यासारंग ओव्हे ग्येडे याने समुद्रालगत डान्सबोर्ग किल्ला बांधायला घेतला. मिरी आणि कापडाच्या व्यापारासाठी आलेली ही मंडळी मग सव्वादोनशे वर्षं राहिली. मध्ये काही वर्षं इंग्रजांनी गाव बळकावलं होतं. शेवटी १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर वगैरे साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकलं.

किल्ला आटोपशीर आहे. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना तो वाड्याएवढाच वाटेल. आत छोटं संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असतं, तेवढा वार टाळून बेत आखा. माझ्या मते किल्ल्यापेक्षा किंग स्ट्रीट जास्त मोलाचा. १७९२ च्या वेशीतून आत शिरलं की सरळ रस्ता समुद्राकडे जातो. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओसऱ्या असलेली जुनी घरं, दोन चर्च, आणि रस्त्यावर एखादी शेळी. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय आणि वारसा जपणारी भारतीय संस्था इन्टॅक यांनी मिळून गव्हर्नरचा जुना बंगला दुरुस्त केला. इतर काही इमारतीही सावरल्या गेल्या आहेत, काही अजून ढासळत आहेत.

किल्ल्याच्या उत्तरेला, अगदी पाण्याच्या कडेला मासिलामणिनाथाचं देऊळ आहे. १३०६ मध्ये, मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळात बांधलेलं, म्हणजे डेन्मार्कवाले येण्याआधी तीनशे वर्षांचं. त्याचा पुढचा बराच भाग समुद्राने गिळला. डेन्मार्कच्या खाणाखुणांच्या नादात लोक हे देऊळ दुरूनच बघून परततात. तसं करू नका.

छापखान्याची काय गोष्ट आहे?

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूचाऊ हे दोन जर्मन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या वतीने इथे उतरले. झिगेनबाल्ग तमिळ शिकला, आणि वाळूत अक्षरं गिरवणाऱ्या लहान मुलांबरोबर बसून शिकला असं सांगतात. पुढे इंग्लंडहून छापखाना आला आणि १७१४-१५ मध्ये बायबलचा तमिळ नवा करार इथे छापून झाला. कागद कमी पडतो म्हणून शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखाना काढला. वयाची चाळिशीही न गाठता १७१९ मध्ये झिगेनबाल्ग वारला. किंग स्ट्रीटवरच्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याला पुरलं आहे. हे चर्च १७१८ चं, समोरचं झायन चर्च १७०१ चं. रविवारी सकाळी उपासना चालू असते, तेव्हा फोटो काढत आत फिरू नये.

मराठ्यांचा इथे काही संबंध होता का?

होता, आणि बऱ्यापैकी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून पुढे तरंगमबाडीच्या डेन्मार्कवाल्यांचे जमीनमालक तंजावरचे भोसले झाले आणि वार्षिक रक्कम त्यांच्याकडे जाऊ लागली. नातं गोडीचंच होतं असं नाही. १६९९ मध्ये, शहाजीराजे दुसरे तंजावरच्या गादीवर असताना, त्यांच्या फौजेने या गावाला वेढा घातला होता. मद्रासच्या इंग्रजांची कुमक आली म्हणून किल्ला वाचला.

दुसरा धागा जास्त सुंदर आहे. क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्त्झ नावाचा मिशनरी १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि पुढे तंजावरला गेला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनी आजचं रूप दिलं, त्या सरफोजीराजे दुसरे यांच्या शिक्षणावर या श्वार्त्झची देखरेख होती. त्याच्या मृत्यूनंतर राजांनी लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

मासेमारी बघायला मिळते का?

मिळते, पण तुमच्या वेळेला नाही. होड्या पहाटेच्या अंधारात जातात आणि सकाळी परततात. नाश्ता करून साडेनऊला किनाऱ्यावर पोचलात तर ओल्या वाळूवर खवले आणि कावळे दिसतील. उजाडायच्या आत तिथे हजर राहा.

पूर्वी इथे कट्टुमरम चालत. हलक्या लाकडाचे ओंडके दोरखंडाने बांधून केलेली ही होडी. तिला पोकळ पोटच नाही, त्यामुळे पाणी भरून बुडण्याचा प्रश्न येत नाही. लाट अंगावरून जाते आणि फटींमधून निघून जाते. काठावर लाटा फुटणाऱ्या, खाडी नसलेल्या किनाऱ्याला यापेक्षा शहाणी होडी सापडणार नाही. दिवस भरला की दोर सोडायचे आणि ओंडके वाळत टाकायचे. आता बहुतेक होड्या फायबरच्या, मागे इंजिन लावलेल्या. सुनामीनंतर मदत म्हणून अशा होड्या मोठ्या संख्येने आल्या आणि कट्टुमरम मागे पडले.

होडी टेकली की जाळ्यातून मासे सोडवण्याचं काम सुरू होतं आणि शेजारीच लिलाव. आकडे तमिळमध्ये, वेग असा की दुभाष्या असला तरी उपयोग नाही. टोपल्या घेऊन आलेल्या बायका दोन वाक्यांत सौदा संपवतात. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. अर्ध्या किलोसाठी मध्ये तोंड घालू नका, हा त्यांचा दिवसाचा धंदा आहे. दुपारी गाव झोपतं. चारनंतर सावलीत जाळी शिवणारी माणसं दिसतील. निवांत बोलायचं असेल तर ती वेळ बरी.

इथले कोळी मुख्यतः पट्टिनवर समाजाचे. त्यांची स्वतःची गावपंचायत असते, तिला ऊर पंचायत म्हणतात. भांडणं, सण, कधी समुद्रावर जायचं नाही, असे बरेच निर्णय तिथे होतात. एखाद्या दिवशी समुद्र शांत असूनही सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या दिसल्या तर कारण बहुधा लग्न, मयत किंवा पंचायतीचा निर्णय असतं.

होडीतून फिरवून आणतील का?

एखादा तयार होईलही. तरी जाऊ नये असंच माझं मत. या होड्या प्रवाशांसाठी नाहीत, जीवरक्षक जाकिटं मिळतीलच असं नाही, आणि लाटा फोडून बाहेर पडताना सराव नसलेला माणूस हमखास उलटून पडतो.

फोटो काढलेले चालतात का?

माणसांचे काढायचे तर विचारून. जाळी वाळत घातलेली असतात, ती ओलांडू नका, तुडवू तर नकाच. किनाऱ्याचा काही भाग वस्तीच्या रोजच्या वापरातला आहे, तिथे कॅमेरा रोखून उभं राहणं म्हणजे कुणाच्या परसदारी उभं राहणं. हाक मारायला "अण्णा" आणि "अक्का" हे दोन शब्द पुरतात, दोन्ही आपल्या ओळखीचेच. नको असेल तर "वेण्डाम", किंमत विचारायला "एव्वळवु". हिंदीची अपेक्षा ठेवू नका. मोडक्या इंग्रजीने आणि हातवाऱ्यांनी काम भागतं.

सुनामीबद्दल विचारावं का?

स्वतःहून नाही. २६ डिसेंबर २००४ ला जुन्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, आणि तरंगमबाडीही त्यात होरपळलं. किनाऱ्यालगतची घरं गेली, नंतर कोळ्यांसाठी नवी घरं बांधली गेली. गावात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तो दिवस आठवतो. कुणी आपणहून बोललं तर ऐका. दर वर्षी २६ डिसेंबरला या किनाऱ्यावर श्रद्धांजली असते आणि बरेच कोळी त्या दिवशी समुद्रावर जात नाहीत. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि त्या दिवशी किनाऱ्यावर धांगडधिंगा करू नये.

जेवायला काय मिळेल?

मासे खाणाऱ्यांची चंगळ, अट एकच, चिंच चालायला हवी. इथल्या मीन कुळंबूत, म्हणजे माशाच्या कालवणात, आपल्या मालवणीसारखं ओल्या खोबऱ्याचं राज्य नसतं. चिंच, मिरची, छोटे कांदे आणि मेथीचे दाणे यांवर तो उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. मागायची सोय म्हणून काही नावं पाठ करा: सुरमईला वंजरम, पापलेटला वव्वाल, कोळंबीला इराल, खेकड्याला नंडु, सुक्या मासळीला करुवाडु. मोरीला, म्हणजे शार्क माशाला, सुरा म्हणतात. ती उकडून, कुस्करून, कांद्याबरोबर परतून केलेला सुरा पुट्टु कुठे मिळाला तर सोडू नका. बाळंतिणीला तो आवर्जून देतात.

दुपारच्या ताटाला "मील्स" म्हणतात. केळीचं पान, भात, सांबार, रसम, भाजी, ताक, भात हवा तेवढा. शाकाहारी असाल तर "सैवम" एवढं म्हणा, सगळे समजतात. पोळी मात्र विसरा. रात्री परोटा मिळेल, तो मैद्याचा असतो.

गावात खानावळी मोजक्या आहेत आणि लवकर बंद होतात. रात्री नऊला भूक लागून बाहेर पडलात तर केळी आणि बिस्किटांवर भागवावं लागेल.

राहायची सोय?

मर्यादित. समुद्रासमोरच्या जुन्या बंगल्यात केलेलं वारसा हॉटेल आहे, सरकारी पर्यटन महामंडळाची सोय आहे, आणि थोडे लॉज. शनिवार-रविवारी आधी आरक्षण करा. काहीच न मिळाल्यास कारैकाल जवळ आहे, पण मग पहाटेचा किनारा हुकतो, आणि तो हुकला तर इतक्या लांब येण्यात फारसा अर्थ उरत नाही. रोख पैसे जवळ ठेवा.

पोचायचं कसं?

रेल्वेने मयिलाडुतुरै गाठा. तिथून बसने किंवा रिक्षा-टॅक्सीने साधारण ३० किलोमीटर. एके काळी मयिलाडुतुरैहून थेट तरंगमबाडीपर्यंत मीटर गेजची गाडी येत असे. ती १९८० च्या दशकात बंद झाली. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते कारैकाल अशी साप्ताहिक गाडी आहे, आठवड्याच्या दिवसाचं गणित जुळलं तर सोयीची. नाहीतर चेन्नईपर्यंत विमान किंवा रेल्वे आणि पुढे एळुंबूर (एग्मोर) स्थानकाहून मयिलाडुतुरैची गाडी. पुदुच्चेरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने यायला तीन तास धरा. बसच्या पाट्या बहुतांशी तमिळमध्ये असतात, वाहकाला "तरंगमबाडी" किंवा "पोरैयार" विचारा.

इथली हवा ओझोनयुक्त असल्याने आरोग्याला उत्तम, हे खरं का?

हा दावा माहितीपत्रकांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. ओझोन वर वातावरणात असतो तेव्हा आपलं रक्षण करतो. जमिनीलगत श्वासातून गेला तर तो फुप्फुसांना त्रासच देतो. हवा छान आहे ती समुद्राच्या वाऱ्यामुळे आणि गाड्या कमी असल्यामुळे. तेवढं पुरे आहे.

वयस्कर आई-वडिलांना नेता येईल का?

जरूर. चढउतार नाही, गाव लहान आहे, सकाळ-संध्याकाळ आरामात पायी होतं. आणि आठेक किलोमीटरवर तिरुक्कडैयूर आहे. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला जिथे अडवलं ते हे ठिकाण, अशी श्रद्धा, म्हणून अख्ख्या तमिळनाडूतून लोक इथे साठीशांत आणि ऐंशीचे सोहळे करायला येतात. कुठल्याही सकाळी जा, मंडपात गळ्यात हार घातलेली म्हातारी जोडपी ओळीने बसलेली, नातवंडं मागे कंटाळलेली, आणि होमाचा धूर. तिथले देव दुपारी बाराच्या सुमारास झोपतात ते चारनंतर उठतात, तेव्हा सकाळीच उरका.

किती दिवस ठेवावेत आणि पुढे कुठे जावं?

दोन रात्री. एक पहाट होड्यांसाठी, दुसरी नुसती बसून राहायला. तिसऱ्या दिवशी घाईची माणसं चुळबुळ करू लागतात.

दारूसाठी कारैकालला पळणारे बरेच भेटतील, कारण ते पुदुच्चेरीच्या केंद्रशासित प्रदेशात येतं. तुम्ही पळालात तर बाटली तिथेच संपवून या. राज्याची हद्द ओलांडून आणणं महागात पडतं. पूम्पुहार उत्तरेला जवळच आहे. प्राचीन चोळ बंदर म्हणून नाव मोठं असलं तरी डोळ्यांना दिसायला फार थोडं उरलं आहे. वेळ कमी असेल तर वगळा.

तंजावर मात्र वगळू नका. अडीच-तीन तासांचा रस्ता, सगळा भातशेतीतून. बृहदीश्वराच्या देवळात, आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. लांबच लांब शिलालेख, देवनागरीत, सावकाश उभं राहून वाचता येतो. त्याला तासभर द्या. परत चेन्नईला जाण्याची गरज नाही. तंजावरहून तिरुच्चिरापळ्ळी तासा-दीड तासावर आहे, विमानतळ तिथेच आहे, त्यामुळे परतीचं तिकीट तिथूनच काढा.